‘टेक’चा गोतावळा : प्रस्तावना

सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी शब्दकोश 1755 सालच्या एप्रिलमध्ये लंडनला प्रसिद्ध झाला. गॉफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर सहा लेखनिकांना हाताशी धरून त्यांनी हे काम जवळजवळ एकहाती तडीस नेले. चाळीस हजारांहून अधिक शब्दांचा डोंगर उपसताना त्यांना सर्वांत जास्त कशाने दमवले असेल? लॅटिन-ग्रीकमधून आलेल्या लांबलचक शब्दांनी, असे कुणालाही वाटेल. जॉन्सन यांनी कोशाच्या प्रस्तावनेत ज्यांची नावे घेतली आहेत ते शब्द मात्र निराळेच आहेत: ‘कम’, ‘गेट’, ‘गिव्ह’, ‘पुट’, ‘सेट’, ‘गो’, ‘रन’, ‘मेक’, ‘टेक’, ‘टर्न’. इंग्लंडमधले तीन वर्षांचे पोर दिवसभर जी क्रियापदे तोंडात घोळवते, तीच नेमकी कोशकाराच्या चिमटीत येत नव्हती. एकट्या ‘टेक’चे त्यांनी 134 अर्थ नोंदवले.

पुढील पानांचा विषय हेच एक क्रियापद आहे.

‘टेक’ म्हणजे घेणे, हे शाळेत इंग्रजीच्या पहिल्याच वर्षी शिकवले जाते आणि ते चूकही नाही. पण एखादे इंग्रजी वर्तमानपत्र उघडून त्यात ‘टेक’ कुठे कुठे आले आहे ते पेन्सिलीने खुणावून पाहावे. विमान ‘टेक ऑफ’ करते. नवा अधिकारी ‘टेक ओव्हर’ करतो. दोन देशांची बोलणी ‘टेक प्लेस’ होतात. मंत्री ‘टेक ओथ’ करतात, गोलंदाज ‘टेक विकेट’ करतो, प्रवासाला सहा तास लागतात तेव्हा तो प्रवासच सहा तास ‘टेक’ करतो. यांतल्या एकाही ठिकाणी कुणी हाताने काही उचलून घेतलेले नाही. शब्द तोच, आणि अर्थ मात्र शेजारी कोण बसले आहे त्यावर ठरतो. म्हणून ‘टेक’चा अर्थ काय, हा प्रश्नच अपुरा आहे. ‘टेक’ कोणाबरोबर आले आहे, इथून सुरुवात करावी लागते, आणि या पुस्तकाची सारी मांडणी त्याच प्रश्नावर उभी आहे.

मराठी वाचकाला हा गोतावळा अगदीच अनोळखी नाही. घाटात ट्रकला ‘ओव्हरटेक’ करू नका, असे घरचे लोक निघताना बजावतात. ‘माझी मिस्टेक झाली’ हे वाक्य इंग्रजी न शिकलेली आजीही बोलते. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा यंदाचा ‘इनटेक’ किती, हे प्रवेशाच्या दिवसांत पालक एकमेकांना विचारत असतात. सरकारी कचेरीत ‘अंडरटेकिंग’ लिहून द्यावे लागते. मुंबईच्या ‘बेस्ट’ या नावातही ‘टेक’ दडलेले आहे, कारण त्याचे पूर्ण रूप ‘बृहन्मुंबई इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट अंडरटेकिंग’ असे आहे आणि मराठीत त्याला ‘बेस्ट उपक्रम’ म्हणतात. अंगावर घेतलेले काम ते ‘अंडरटेकिंग’. ‘अंडरटेकर’ही मुळात कोणतेही काम अंगावर घेणारा माणूस होता. पुढे अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्यालाच तो शब्द चिकटला आणि बाकीचे सगळे कंत्राटदार त्या शब्दातून बाहेर पडले.

आता थोडे मागे जायला हवे, कारण ‘टेक’ हे मूळचे इंग्रजी क्रियापदच नव्हे.

जुन्या इंग्रजीत ‘घेणे’ यासाठी ‘निमन’ हे क्रियापद होते. त्याचे सख्खे भावंड जर्मनमध्ये आजही ‘नेमेन’ म्हणून नांदते आहे. आठव्या शतकाच्या अखेरीपासून स्कँडिनेव्हियातले व्हायकिंग इंग्लंडच्या किनाऱ्यावर धाडी घालू लागले. नवव्या शतकात त्यांच्यातले कित्येक जण उत्तर आणि पूर्व इंग्लंडात घरे बांधून राहिले, शेती करू लागले, तिथल्या बायकांशी त्यांनी लग्ने केली. त्यांच्या नॉर्स भाषेतले ‘टाका’ म्हणजे धरणे, पकडणे. अकराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द लेखी इंग्रजीत दिसू लागतो आणि पुढच्या तीनेकशे वर्षांत ‘निमन’ला जवळजवळ हुसकावून लावतो. ‘निम’ उरले ते चोरणे या अर्थाने. शेक्सपिअरच्या नाटकांतला निम नावाचा शिपाई हाताचा चलाख आहे तो त्यामुळेच. ‘नम्ब’, म्हणजे बधिर, हा शब्दही त्याच जुन्या क्रियापदाचा अवशेष: ज्याची संवेदना कुणी काढून घेतली आहे असा. ‘मिस्टेक’ मात्र नॉर्सच, ‘मिस्टाका’वरून आलेला. चुकीचे काही हाती येणे हा त्याचा मूळ अर्थ.

एका भाषेने दुसरीकडून वस्तूंची नावे घेणे नेहमीचेच आहे. मराठीने फारसीकडून ‘दरवाजा’ घेतला आणि पोर्तुगिजांकडून ‘पाव’ घेतला. पण घेणे, मिळणे यांसारखी रोजच्या श्वासाइतकी सवयीची क्रियापदे बाहेरून येऊन घरची होणे ही फार मोठी गोष्ट आहे. इंग्रजीचे ‘टेक’ आणि ‘गेट’ ही दोन्ही नॉर्स आहेत. दोन समाज बाजारापुरते भेटत नव्हते, एका चुलीवर जेवत होते, याचा इतका सज्जड पुरावा दुसरा क्वचितच मिळेल.

याच काळात इंग्रजीच्या वाक्यरचनेतही एक बदल होत होता आणि आपल्या विषयाचे मर्म तिथे आहे. जुन्या इंग्रजीत क्रियापदाच्या अर्थात फरक करायचा तर त्याच्या आधी उपसर्ग लावत. मराठीला ही रीत संस्कृतमुळे ठाऊक आहेच: हार, आहार, विहार, संहार, प्रहार. हळूहळू इंग्रजीत हे उपसर्ग झिजले आणि त्यांची कामे क्रियापदानंतर येणाऱ्या सुट्या शब्दांकडे गेली: ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘इन’, ‘ओव्हर’. व्हायकिंगांच्या भाषेत ही रीत आधीच रुळलेली होती, त्यामुळे त्यांच्या सहवासाने या बदलाला जोर आला, असे अनेक अभ्यासक मानतात. दोन्ही काळांचे नमुने ‘टेक’च्या घरात शेजारी शेजारी उभे आहेत. ‘ओव्हरटेक’ ही जुनी घडण, ‘टेक ओव्हर’ ही नवी. शब्द तेच दोन, फक्त क्रम उलटा. पण एक्स्प्रेसवेवर गाडी ‘ओव्हरटेक’ करते तेव्हा ती पुढे निघून जाते, आणि एक कंपनी दुसरीला ‘टेक ओव्हर’ करते तेव्हा तिची मालकीण होते. या दोहोंत गल्लत केली तर वाक्याचे मातेरे होते. नामांमध्ये मात्र जुना क्रम अजून तग धरून आहे, म्हणून ‘टेक इन’ करणाऱ्या संस्थेचा ‘इनटेक’ असतो.

या सुट्या शब्दांना इथे सोयीसाठी अव्यये म्हटले आहे. विद्यार्थी अडखळतो तो बहुतेक वेळा यांच्यापाशी. आणि तो अडखळतो कारण त्याला ‘टेक ऑफ’, ‘टेक इन’, ‘टेक अप’ यांचे अर्थ सुटे सुटे पाठ करायला लावतात. एकेका अव्ययाकडे जरा थांबून पाहिले, तर त्याचा स्वतःचा एक कल दिसू लागतो.

‘ऑफ’ घ्या. त्याच्या मुळाशी सुटणे, वेगळे होणे आहे. अंगातला कोट काढणे म्हणजे ‘टेक ऑफ’, कारण कोट अंगापासून सुटतो. दुकानदार किमतीतून दहा टक्के कमी करतो तेव्हाही ‘टेक ऑफ’, कारण रकमेचा तुकडा सुटतो. कामावरून सुटी घेतली की ‘टेक अ डे ऑफ’, तो दिवस कामापासून सुटला. घोडा किंवा लांब उडी मारणारा खेळाडू जमीन सोडतो त्यालाही ‘टेक ऑफ’ म्हणत, आणि विसाव्या शतकात विमाने आली तेव्हा हा तयार शब्द त्यांच्या वाट्याला आला. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ डब्ल्यू. डब्ल्यू. रोस्टो यांनी 1960 साली आर्थिक वाढीच्या टप्प्यांवर पुस्तक लिहिले. गरीब देशाची अर्थव्यवस्था एकदम वेग धरते त्या टप्प्याला त्यांनी विमानाचेच रूपक लावून ‘टेक-ऑफ’ हे नाव दिले. अर्थशास्त्राच्या मराठी विद्यार्थ्यांनी ते ‘उड्डाण अवस्था’ म्हणून शिकलेले असते. कोटापासून अर्थव्यवस्थेपर्यंत धागा सलग आहे. एखाद्याची नक्कल करणे या अर्थाचे ‘टेक ऑफ’ मात्र या धाग्यात सहज ओवता येत नाही. तेवढे वेगळे लक्षात ठेवावे लागते, आणि पुढे तसे स्पष्ट सांगितलेले आहे. सगळे काही नियमात बसते असे भासवणे वाचकाशी अप्रामाणिकपणाचे ठरेल.

‘इन’चेही असेच. भटक्या कुत्र्याला घरात आसरा देणे ‘टेक इन’. शिंप्याने सैल ब्लाउज बाजूने उसवून आत घेणे ‘टेक इन’. व्याख्यानातला मुद्दा नीट समजून घेणे ‘टेक इन’. आणि कुणाच्या गोड बोलण्याला भुलून फसणे, तेही ‘टेक इन’, फक्त कर्मणी रूपात: माणूस ‘टेकन इन’ होतो. पहिल्या तिन्हींत काहीतरी आत येते. चौथ्यात फसणारा माणूसच कुणाच्या तरी जाळ्याच्या आत जातो.

अर्थाइतकेच महत्त्व जागेला आहे. ‘टेक ऑफ युअर शूज’ चालते आणि ‘टेक युअर शूज ऑफ’ही चालते. पण जोड्यांऐवजी ‘देम’ हे सर्वनाम आले की ते मध्येच बसले पाहिजे: ‘टेक देम ऑफ’. ‘टेक ऑफ देम’ असे कुणी म्हणत नाही. मुलगी आईवर गेली आहे, हे सांगताना मात्र ‘टेक्स आफ्टर हर’ असेच म्हणावे लागते, तिथे सर्वनाम मध्ये घालता येत नाही. आवाजाचा जोरही बदलतो. विमान ‘टेक ऑफ’ करते हे सांगताना जोर ‘ऑफ’वर पडतो, आणि तेच ‘टेकऑफ’ नाम झाले की जोर ‘टेक’वर येतो. व्याकरणाच्या पुस्तकात या गोष्टीला जेमतेम एक ओळ मिळते. बोलताना मात्र ऐकणाऱ्याला अर्थ लागतो तो याच जोरामुळे.

अव्ययांचा हा झाला एक वाडा. दुसऱ्या वाड्यात नामे राहतात, आणि मराठी माणसाला खरी मौज तिथे आहे.

‘टेक अ वॉक’, ‘टेक अ लुक’, ‘टेक अ रेस्ट’ यांत क्रिया कोणती, ते नाम सांगते. ‘टेक’ नुसते काळ आणि पुरुष वाहून नेते. डॅनिश व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांनी अशा क्रियापदांना ‘लाइट व्हर्ब’ म्हटले, म्हणजे अर्थाचे वजन उतरलेली क्रियापदे. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या जॉन सिंक्लेअर यांनी संगणकावर साठवलेल्या लाखो शब्दांच्या खऱ्या मजकुरातून इंग्रजीचा अभ्यास केला आणि त्यातून 1987 साली ‘कोबिल्ड’ शब्दकोश सिद्ध झाला. त्यांच्या पाहणीत हेच आढळले: कोश ज्याला पहिला अर्थ म्हणून मान देत आले होते तो हाताने घेण्याचा अर्थ प्रत्यक्ष वापरात मागे होता, आणि ‘टेक अ लुक’ छापाचे वजन उतरलेले प्रयोग पुढे होते.

मराठीचे ‘घेणे’ तरी दुसरे काय करते? आपण निर्णय घेतो, शपथ घेतो, निरोप घेतो, झोप घेतो. रस्ता वळण घेतो. वाळलेले गवत पेट घेते, तेव्हा गवताच्या हाती काय येते? यांतले बरेच प्रयोग इंग्रजीशी तंतोतंत जुळतात: काळजी घेणे, भाग घेणे, औषध घेणे, सूड घेणे, फायदा घेणे, मनावर घेणे. या जुळणीमुळे विद्यार्थी निर्धास्त होतो आणि नेमका पुढच्या पायरीवर घसरतो. इंग्रजीत फोटो ‘टेक’ करतात, मराठीत काढतात. टॅक्सी इंग्रजीत ‘टेक’ करतात, मराठीत नुसती करतात. वेळ इंग्रजीत ‘टेक’ होतो, मराठीत लागतो.

सर्वांत बोलके उदाहरण परीक्षेचे. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो आणि शिक्षक ‘गिव्ह’ करतात. व्यवहार एकच, भूमिका पूर्ण उलट्या. मराठीला परीक्षेत उत्तरे देणारा दिसतो, इंग्रजीला प्रश्नपत्रिका हातात घेणारा दिसतो. हिंदीची रीतही मराठीसारखीच असल्यामुळे भारतीय इंग्रजीत ‘आय गेव्ह माय एग्झाम’ सर्रास ऐकू येते, आणि लंडनमधल्या माणसाला ते ऐकून बोलणारा मास्तर असावा असे वाटते. या प्रयोगाला अडाणीपणा म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. त्यामागे स्वतःच्या भाषेचे पक्के तर्कशास्त्र आहे. फक्त ते तर्कशास्त्र कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे माहीत हवे. खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांतही एकवाक्यता नाही: अमेरिकी माणूस आंघोळ ‘टेक’ करतो, ब्रिटिश माणूस बहुधा ‘हॅव’ करतो. निर्णय ब्रिटनमध्ये ‘टेक’ही होतो आणि ‘मेक’ही, अमेरिकेत बहुतेक ‘मेक’च.

क्रियापदाच्या शेपटीला दुसरा शब्द जोडून अर्थ फिरवण्याची कला मराठीने वेगळ्या रीतीने साधली आहे. तिथे अव्ययाच्या जागी दुसरे क्रियापद येते. पैसे दिले, पैसे देऊन टाकले, पैसे देऊन ठेवले, पैसे देऊन बसला. देणे चारही ठिकाणी तेच आहे. पण ‘टाकले’मध्ये कटकट एकदाची मिटवल्याचा सुस्कारा आहे, ‘ठेवले’मध्ये पुढची सोय आहे, ‘बसला’मध्ये पश्चात्ताप आहे. परक्या माणसाला हे शिकवायला बसले की मराठीच्या शिक्षकाची जी तारांबळ उडते, तीच ‘टेक अप’ आणि ‘टेक ऑन’ समजावताना इंग्रजीच्या शिक्षकाची उडते. ज्याच्या कानाला ‘देऊन टाकले’ आणि ‘देऊन बसला’ यांतला फरक जन्मापासून कळतो, त्याने इंग्रजीच्या या जोडांना घाबरण्याचे काहीच कारण नाही. कानाची तयारी त्याची आधीच झालेली आहे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. या जोडांचा विचार ज्यांनी नेटाने केला, त्यांतले बरेच जण कधी ना कधी इंग्लंडबाहेर परक्यांना इंग्रजी शिकवत होते. जे. आर. फर्थ 1920च्या दशकात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा हा विचार आणि त्यासाठी ‘कोलोकेशन’ ही संज्ञा भाषाविज्ञानात रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. हॅरल्ड पामर आणि ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये होते. 1933 साली त्यांच्या टोकियोतल्या संस्थेने अशा शब्दजोड्यांचा मोठा संग्रह काढला. हॉर्नबी यांचा विद्यार्थ्यांसाठीचा कोशही आधी 1942 साली टोकियोतच छापला गेला. ऑक्सफर्डने तो 1948 साली आपल्या नावाने काढला, आणि आज महाराष्ट्रातल्या शाळा-महाविद्यालयांत दिसणारी जाड ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स’ ही त्याचीच पुढची पिढी. जन्माने इंग्रज असलेल्याला ‘टेक ऑफ’मध्ये काही विशेष दिसत नाही. ते दिसायला समोर प्रश्न विचारणारा परका विद्यार्थी लागतो.

क्रियापद आणि अव्यय यांच्या या जोडांना इंग्रजीत मिळालेले ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नावही फार जुने नाही. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी 1925 सालच्या पुस्तकात ते वापरले आणि हे नाव ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचे नमूद केले.

या जोडांच्या ताकदीवर एक अख्खी योजनाही उभी राहिली होती. केंब्रिजच्या सी. के. ऑग्डेन यांनी 1930 साली ‘बेसिक इंग्लिश’ मांडली. सगळ्या जगाने 850 शब्दांत इंग्रजी बोलावे, आणि त्यांत क्रियापदे फक्त 18. त्या अठरांत ‘टेक’ होते. बाकी हजारो क्रियापदांची कामे या अठरांना अव्यये आणि नामे जोडून भागवायची होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चर्चिल यांनीही या योजनेला पाठिंबा दिला. पण 850 हा आकडा फसवा होता. ‘टेक’ आणि ‘अप’ हे दोन्ही शब्द येत असले, तरी ‘टेक अप’ म्हणजे एखादा छंद किंवा नोकरी धरणे, जागा व्यापणे, कापड आखूड करणे, हे त्यावरून आपोआप कळत नाही. शब्द कमी केले आणि ओझे जोडांवर टाकले, इतकेच झाले. ढाक्यात अध्यापन केलेले मायकेल वेस्ट यांनी सहकाऱ्यांसह 1934 साली या योजनेची कठोर चिकित्सा केली. ऑग्डेन यांच्या फसण्यातूनही एक गोष्ट पक्की झाली: इंग्रजीतली ही मूठभर क्रियापदे खरोखरच एवढा भार पेलतात. ऑक्सफर्ड कोशाच्या नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर यांनी ‘रन’ या एकाच क्रियापदाची नोंद तयार केली तेव्हा तिच्यात 645 अर्थ निघाले आणि कामाला सुमारे नऊ महिने लागले.

पुढील पानांत आधी अव्ययांचे जोड आहेत, मग नामांचे, आणि त्यानंतर ‘टेक फॉर ग्रँटेड’सारखे जोड, ज्यांतला एकही शब्द हलवता येत नाही. प्रत्येक जोडाखाली पूर्ण वाक्य आहे, सुटा अर्थ कुठेही दिलेला नाही. कर्म कुठे बसते आणि जोर कुठे पडतो हे त्या त्या जागी सांगितले आहे. बोलीतला जोड आणि कचेरीतला शब्द यांतला फरकही दाखवला आहे, कारण मित्राला ‘टेक बॅक’ म्हणणारा माणूस वकिलाच्या नोटिशीत ‘रिट्रॅक्ट’ लिहितो, आणि अर्ज लिहिताना हे भान सुटले तर अर्ज पोरकट वाटतो.

सर्वांत शेवटी नाम बनलेले ‘टेक’ आहे. छापखान्यात खिळे जुळवणारा एका वेळी मजकुराचा जेवढा तुकडा उचलायचा त्याला ‘टेक’ म्हणत. चित्रपटाच्या सेटवर एका सलग चित्रणाला ‘टेक’ म्हणतात आणि ते बिघडले की ‘रिटेक’. आता पत्रकार एखाद्या प्रश्नावरच्या मताला ‘टेक’ म्हणू लागले आहेत. महाराष्ट्रातला हॉटेलवाला ज्याला पार्सल म्हणतो, तो ब्रिटनमध्ये ‘टेकअवे’ असतो, आणि चर्चासत्राच्या शेवटी वक्ता तोच शब्द भाषणातल्या मुख्य मुद्द्यांसाठी वापरतो. हे प्रकरण शेवटी ठेवले आहे, कारण यांतला प्रत्येक शब्द आधीच्या एखाद्या क्रियापदी जोडातून निघालेला आहे आणि तो जोड ओळखीचा झालेला असला की नामाचा अर्थ वाचकाला स्वतःलाच लावता येतो.